म्हातारी वाटेवर होती तोवर

माघ सरत आला की निपाणीकडे जाणाऱ्या बसमध्ये एकेक खिडकी बंद व्हायला लागते. बाहेरगावच्या प्रवाशाला आधी ठसका लागतो, मग तो शेजारच्याला विचारतो, हा वास कसला. शेजारचा निपाणीचा असेल तर त्याला वास आलेलाच नसतो. तो जरा गोंधळतो आणि म्हणतो, "तंबाखूचा असंल." यंदा भावाकडे जातानाही हेच झालं. मी माझी खिडकी उघडी ठेवली. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, तरी ती कोरडी, कडवट हवा आत आली की माझ्या बोटांची पेरं चुरचुरतात. हंगाम सुरू झाला, एवढं कळतं.

त्या हंगामात मी एकोणीस वर्षांची होते. दहावीला गणितानं मला दोनदा खाली बसवलं होतं. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं होतं, पण ऑक्टोबर लांब होता. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. एके दिवशी तिनं सकाळी दोन डबे भरले, आणि मी काही न विचारता तिच्यामागून चालायला लागले.

वखार म्हणजे पत्र्याच्या छपराचं लांबलचक गोदाम. खिडक्या उंचावर, त्याही बंद, कारण वारा आला की भुकटी उडते. आत चाळीसेक बायका रांगांनी बसलेल्या. कुणी तंबाखू चाळतेय, कुणी त्यातल्या काड्या निवडतेय. सगळ्यांचे पदर नाकातोंडावर आवळून बांधलेले, त्यामुळे पहिले आठ दिवस मी बायकांना नुसत्या डोळ्यांवरून ओळखायला शिकले. त्या आठ दिवसांत मला रोज दुपारी उलटी व्हायची. आई पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मनात दुसरं काय तरी आण. हितलं आणू नको."

मनात आणायला माझ्याकडे फक्त शाळेच्या पुस्तकातले धडे होते. ते मी मोठ्यानं सांगायला लागले. उलटी थांबली. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ बसायला लागल्या आणि मला मास्तरीण म्हणू लागल्या. पंधरा दिवसांत धडे संपले. मग मी माझंच रचून सांगायला सुरुवात केली. एका गावातली विहीर आटते आणि काही बायका नवं गाव शोधायला निघतात, एवढंच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या बायका पुराच्या नदीपाशी आल्या. पुढचं मला सुचेना, म्हणून मी त्यांना परत फिरवलं.

"परत कशाला जातील?" माझ्या समोर बसलेली हौसा म्हणाली. ती नुकतीच लग्न होऊन भुदरगडाकडून निपाणीत आली होती. "मी आसतो तर न्हाय गेलो परत." आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.

मी जरा चिडूनच म्हटलं, "मग काय केलं असतंस?"

"काठाकाठानं वर गेलो असतो. उथळ पाणी घावंपतोर."

"बरं. गेलीस. दोन कोस वर गेलीस. तिथं नाव बांधलेली हाय, पण नाववाला न्हाय. आता काय करतीस?"

हौसाचे हात थांबले. तिच्या शेजारणीचेही थांबले. "थांब, थांब," हौसा म्हणाली, "इचार करू दे."

असा आमचा खेळ सुरू झाला. चौघीपाचजणींनी एकेक बाई आपली म्हणून घेतली. हौसानं घोड्यावर बसणारी बाई घेतली. घोडा कुठून आला ते मला नंतर जुळवावं लागलं. आईनं झाडपाल्याची औषधं देणारी घेतली. बाकीच्या ऐकत, सल्ले देत, भांडत. नियम आईनंच घातला. मी एकदा हौसाच्या वतीनं एका सावकाराच्या कानाखाली वाजवली, तेव्हा आई म्हणाली, "तू वाट सांग. झाड, पाऊस, मानूस, काय भेटंल ते सांग. पाय ज्यानं त्यानं उचलायचा."

तानूआक्का या सगळ्यात जरा उशिरा आली. पन्नाशीची असेल. माझ्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून बसायची. तिच्याइतक्या साफ काड्या कुणी निवडत नसे, आणि तिच्याइतकं कमी कुणी बोलत नसे. एका दुपारी डबा न उघडताच माझ्याकडे सरकली आणि म्हणाली, "मला बी घ्या की. मी एक म्हातारी हाय. लेकीच्या गावाला निघालोय."

"लेकीचं नाव काय, आक्का?"

"इमल."

"आणि गाव?"

"लांब हाय. चिकोडीच्या बी पल्याड, कानडी मुलखात. चालत राहिलं की येतंय."

मी म्हातारीला वाटेला लावलं, आणि खेळ सांगणाऱ्याची सगळी अडचण त्या दिवसापासून मला कळायला लागली. हौसाला लढाई हवी असे. मी "समोर डोंगर आहे" म्हटलं की ती डोंगराच्या पलीकडे उतरलेली असे. तानूआक्काला डोंगर चढताना कुठली झाडं लागली ते हवं असे. करवंदं पिकली होती का? वाटेत पाणी कुणी दिलं? तांब्यातून दिलं की ओंजळीत वाढलं? म्हातारीच्या गाठोड्यात काय काय आहे यावर आमची एक पूर्ण सकाळ गेली. शेंगदाण्याची चटणी, एक खणाची चोळी, बाळंतिणीला लागतो तसा डिंक.

"आक्का, तुझ्या म्हातारीनं तीन दिवसांत एक वढा वलांडला न्हाय," हौसा वैतागून म्हणायची.

"वलांडतीया गं. पायात काटा हाय तिच्या."

"तो परवाच काढला की!"

"दुसरा मोडलाय."

सगळ्या हसायच्या. तानूआक्काही पदराआड हसायची. डोळ्यांच्या कडा बारीक व्हायच्या तेवढ्यावरून कळायचं.

हळूहळू मी शिकत गेले. चाळण्या फिरत असताना गोदामात इतका खडखडाट असे की बारकं काही सांगून उपयोग नव्हता. तेव्हा घोडे दौडवायचे, पूल पाडायचे, चोर पळवायचे. दुपारनंतर काड्या निवडायला बसलो की आवाज खाली यायचा. तेव्हा म्हातारीची वाट काढायची. एखाद्या बांधावर तिला बसवून भाकरी सोडायला लावायची. एका वस्तूचं किती सांगायचं हेही बायकांच्या बोटांकडे बघून कळायला लागलं. बोटं मंदावली की ऐकतायत. बोटं थांबली की आता पुढे सरकायला हवं, नाहीतर मुकादम येतो. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यालाही गोष्टीची गोडी लागली होती, पण त्याचं लक्ष पोत्यांवर असे. तो दारातून ओरडायचा, "मास्तरीण, आज त्या म्हातारीला झोपीव आणि घोडं काढ. माल उठायचाय."

तानूआक्काचं आणखी एक होतं. लेकीच्या गावात कानडी बोलतात, म्हणून म्हातारीनं वाटेत कानडी शिकायला घेतली. वखारीतल्या अर्ध्या बायकांना कानडी येत होती. तिला स्वतःलाही बाजारापुरती येत असणार. पण म्हातारीला येत नव्हती. ती एकेक शब्द विचारून घ्यायची. पाणी म्हणजे नीरु. ये म्हणजे बा. आणि मग काडी निवडता निवडता, स्वतःशीच घोकल्यासारखं, "नन्न मगळु एल्ली?" माझी लेक कुठाय?

मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते, हे मी अधूनमधून स्वतःला सांगत असते. त्यानं फारसं काही हलकं होत नाही.

भावाची मुलगी प्रज्ञा बेंगळुरूला नोकरी करते. मागच्या शिमग्याला ती घरी आली होती, तेव्हा मीही भावाकडेच होते. रविवारी दुपारी तिच्या खोलीतून तिचा आवाज यायला लागला. "पायऱ्या खाली उतरतायत. भिंती ओल्या आहेत. खालून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येतोय. तू काय करतोस?" मी दारातच उभी राहिले. कानाला हेडफोन लावून ती लॅपटॉपसमोर बसली होती. पुण्याचे, हुबळीचे, कुठले कुठले सहाजण पलीकडे खेळत होते. प्रत्येकाचं एकेक पात्र, आणि प्रज्ञा त्यांना जग सांगणारी. दोन तासांनी ती डोकं धरून बाहेर आली.

"आत्या, वैताग आहे. एकीला प्रत्येक दारावरचं नक्षीकाम हवं. दुसऱ्याला दार दिसलं की लाथ घालायची. सावकाश गेलं तर हा कंटाळतो, भरभर गेलं तर ती रुसते. किती सांगायचं आणि किती सोडून द्यायचं, हे ठरवायचं कसं?"

मी तिला चाळण्यांचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. एका वेळी दोनच गोष्टी नीट सांग, एक दिसणारी आणि एक वासाची किंवा आवाजाची; बाकीचं विचारलं तर सांग. जो सारखा बारकावे विचारतो त्याला ते कशासाठी हवेत ते बघ. प्रज्ञा खूश झाली. तिनं ते लिहून घेतलं आणि विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" वखारीतल्या बायकांनी, म्हटलं. पुढचं सांगितलं नाही.

पुढचं असं की वैशाख संपत आला. वखारीतला ढीग उतरला. पाऊस लागायच्या आत माल हलवायचा होता, आणि त्यानंतर आमच्यातल्या बऱ्याचजणींना काम नव्हतं. मलाही अभ्यासाला बसायचं होतं. कामाचे चार दिवस उरले, तेव्हा बायकांनी गलका केला. गोष्ट अर्धी राहिली तर पावसाळाभर झोप लागणार नाही म्हणाल्या. नवं गाव सापडलं पाहिजे. हौसाच्या घोडेवाल्या बाईला त्या गावची पाटीलकी मिळाली पाहिजे. आईच्या वैद्यबाईला घर मिळालं पाहिजे. मीही ते सगळं भराभर उरकलं, आणि खरं सांगायचं तर मला ते उरकताना मजा येत होती. एकेक धागा गाठ मारून तोडायचा. शेवटी म्हातारी उरली.

"म्हातारीचं काय?" हौसा म्हणाली. "तिला एकदाची पोचीव बाई."

मी तानूआक्काकडे वळले. "आक्का, टेकडी उतरलीस. खाली गाव दिसतंय. इमलचं गाव."

"इतक्यात?" तानूआक्का म्हणाली. "मधी आनखी एक गाव आसंल की."

"न्हाय. हेच."

"तिथल्या देवळात टेकतो जरा. पाय धुतो."

"धुतलेस. आता गल्लीत आलीस. इमलचं दार समोर हाय. काय करतीस?"

तानूआक्कानं हातातली काडी बाजूला ठेवली. दुसरी उचलली. "कट्ट्यावर बसतो," ती म्हणाली.

"आता कशाला बसतीस?" हौसा ओरडली. "वाजीव की कडी!" मागून आणखी दोघी ओरडल्या. मुकादम दारात येऊन उभा राहिला होता. त्यालाही शेवट ऐकायचा होता. आई मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं मान अगदी थोडी हलवली. मला वाटलं, ती म्हणतेय, आटप.

"म्हातारीनं कडी वाजवली," मी म्हटलं. "दार उघडलं. दारात इमल! तिनं हातातलं काम टाकलं आणि आईला मिठी मारली. दोघी रडल्या, आणि सगळं चांगलं झालं."

बायकांनी टाळ्या पिटल्या. भुकटी उडाली, दोघीचौघी शिंकल्या. तानूआक्का उठून उभी राहिली होती. तिनं तोंडावरचा पदर सोडला. तिचा पूर्ण चेहरा कामाच्या वेळी मी पहिल्यांदाच बघत होते.

"माझ्या म्हातारीचा हात तू कशाला हलीवलास?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. मग ती पाण्याच्या माठाकडे गेली, पाणी प्यायली, आणि तशीच बाहेर पडली. उरलेले तीन दिवस ती आली नाही.

घरी जाताना आईनं मला बाकीच्या बायकांपासून जरा पुढे नेलं. मग म्हणाली, "इमल बाळंतपणात गेली. सात वर्सं झाली. पयलंच बाळंतपण. सासर लांब, निरोप उशिरा आला. तानू चालत, बैलगाडीनं, जमंल तशी गेली, तर तिथं सगळं उरकलं हुतं. त्यांनी दार बी नीट उघाडलं न्हाय म्हणं."

मी रस्त्यात थांबले. "तुला ठावं होतं?"

"जुन्या बायकास्नी सगळ्यास्नी ठावं हुतं. हौसा नवी."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

आईनं डबे दुसऱ्या हातात घेतले. "तू म्हातारीला चालवत हुतीस तवापास्नं ती दुपारची जेवायला लागलती. त्याच्या आधी डबा तसाच माघारी न्यायची. तुला सांगितलं असतं तर तुला तिला चालवता आलं असतं?"

मी पुन्हा तिच्यामागून चालायला लागले. आईनं वखारीत मान हलवली होती ती 'थांब' म्हणून, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी मी तानूआक्काच्या घरी गेले. तिच्या गल्लीत आमच्या वस्तीतलं कुणी सहसा जात नसे. गेलं तरी कामापुरतं, आणि बाहेरूनच. आईनं बजावलं होतं, बोलावल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नको. मी बाहेर उभी राहून हाक मारली. तानूआक्का आली, मला बघितलं आणि म्हणाली, "आत ये की गं. भाईर का उभी?"

तिनं चहा केला आणि घरच्याच कपात दिला. मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. मला माहीत नव्हतं, चुकलं, हौसा ओरडत होती, चार दिवस उरले होते.

"तुझी चूक न्हाय," ती म्हणाली. "मीच खुळ्यावानी." मग चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसली. "तिचं तोंड मला नीट आठवत न्हाय आता. फोटो काढला न्हवता कवा. तुझ्या त्या वाटंनं चालताना जरा जरा आठवायचं बघ. वढ्यात पाय घातला की तिचं पाय आठवायचं. लहानपनी काटा मोडला हुता तिला, तवाचं तोंड आठवलं एकदा. मी म्हटलं, असंच चालत गेलो तर पोचस्तोर समदी इमल गोळा हुईल."

मी म्हटलं, "आक्का, परत सांगू? दार अजून उघडलंच नाही असं धरू. तू कट्ट्यावर बसलीयास."

तिनं मान हलवली. "पोचली की गं म्हातारी. आता कुठनं चालायची?"

ऑक्टोबरला मी गणितात सुटले. पुढे शिकले, बेळगावला आले, जवळच्या मच्छे गावच्या शाळेत मास्तरीण झाले ती खरीखुरी. मुलांना धडा शिकवताना माझी एक खोड साऱ्या शाळेत माहीत होती: पोर्शन मागे राहायचा. निरीक्षक आले की मुख्याध्यापिका मला बोलायच्या. एखादं मूल मधेच विचारायचं, बाई, ती कोंबडी कुठल्या रंगाची होती, आणि मी पुस्तक मिटून आधी कोंबडीचं बघायची. कुणाला काय कशासाठी हवं असतं, मला त्यानंतर कधीच खात्रीनं सांगता आलं नाही.

तानूआक्का दुसऱ्या हंगामात वखारीत परतली होती, असं आई सांगायची. चाळणीवाल्यांत जाऊन बसली होती, जिथं आवाजामुळे कुणाचं काही ऐकू येत नाही. पुढे तिची छाती भुकटीनं भरली. वखारीतल्या बहुतेकजणींची भरते. मग तिच्या भावानं तिला चिकोडीच्या अलीकडे त्याच्या खेड्यात नेलं. आई गेली त्या वर्षी, म्हणजे ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, दिवसकार्याला आलेल्या हौसानं मला सांगितलं की तानूआक्का अजून आहे, पण माणसं ओळखत नाही. एका रविवारी मी गेले.

तिच्या भावजयीनं मला आत नेलं. तानूआक्का खिडकीपाशी बाजेवर होती, ओंजळीत मावेल एवढी झालेली. "कोण आलंय बघा," भावजय म्हणाली, आणि मला हळूच म्हणाली, "कुणाला वळखत न्हाईत. नुसतं लेकीचं सांगत असत्यात. लेक जाऊन इतकी वर्सं झाली, आनी ह्या म्हणत्यात, मी गेलतो की तिच्याकडं."

तानूआक्कानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "मास्तरीण," ती म्हणाली.

भावजयीला नवल वाटलं. मी बाजेच्या कडेला वाकले.

"हिला इचार," तानूआक्का भावजयीला म्हणाली. दर दोन शब्दांना तिला दम लागत होता. "ही हुती की तवा. मी इमलच्या दारात गेलतो. कडी वाजीवली. तिनंच दार उघाडलं. हातातलं काम टाकलं आनी मला मिठी मारली. व्हय का न्हाय गं?"

"व्हय, आक्का," मी म्हटलं.

"बघ," ती भावजयीला म्हणाली. मग तिचा चेहरा जरा कावराबावरा झाला. तिनं माझं मनगट धरलं. "सांग की मग. कशी दिसत हुती? मला मिठीच आठवतीया. तोंड दिसत न्हाय."

किती सोपं होतं. वाटांचे, डोंगरांचे, अनोळखी माणसांच्या तांब्यांचे इतके बारकावे मी तिला महिनोन्‌महिने रचून दिले होते. एक चेहरा रचायला कितीसा वेळ लागला असता. तोंडापर्यंत आलंही होतं. गहूवर्ण, कपाळ तुझ्यासारखं. पण ती इमल माझी झाली असती, आणि आक्काची स्वतःची जी काही थोडी उरली असेल ती कुठेतरी आत पुसली गेली असती. एकदा मी तिच्या म्हातारीचा हात हलवला होता.

"मला नीट दिसलं न्हाय, आक्का," मी म्हटलं. "मी मागं उभी हुते."

तिनं जरा विचार केला. डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या.

"व्हय," ती म्हणाली. "तू घाईत हुतीस." आणि भिंतीकडे सरकून तिनं मला बसायला जागा केली.